तिसरं प्रकरण वाचतोय

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी ६.४०.

आजपासून रोजनिशी. आजपासून बरंच काही.

कुलगुरूंनी मला समन्वयक नेमलं. पदाचं पूर्ण नाव 'संशोधक विद्यार्थी भरती, मार्गदर्शन व प्लेसमेंट सुधारणा समन्वयक'. व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी जातील, कदाचित तीन. ज्या मीटिंगमध्ये नाव ठरलं त्या मीटिंगला मी नव्हतो (गाडी पंक्चर). विभागप्रमुख म्हणाले, हजर होते त्या सगळ्यांनी एकमुखानं तुमचं नाव सुचवलं. एकमुखानं! गैरहजर माणसाबद्दल लोक इतकं चांगलं बोलतात, हे हल्ली कुठे दिसतं?

परिस्थिती अशी. आमचा विभाग कीटकशास्त्राचा. संशोधनाच्या जागा पंधरा, विद्यार्थी तीन. मुंग्यांवर काम करते ती मुंगीवाली, भुंगेऱ्यांवर करतो तो भुंगेरेवाला, आणि डासवाला. (नावं लक्षात राहत नाहीत, कीटक राहतात. शास्त्रज्ञाचं डोकं.) तिघांचाही गाइड मीच. जुलैत निदान चार नवे विद्यार्थी आले नाहीत तर विभाग प्राणिशास्त्रात विलीन. प्राणिशास्त्रवाले गेल्याच आठवड्यात टेप घेऊन आमच्या खोल्यांची मापं काढून गेले. चहासुद्धा पिऊन गेले.

तर आता मी आहे. रोज पहाटे साडेपाचला उठणार, साडेआठला केबिनमध्ये. मोबाइल ड्रॉवरमध्ये. मुंगीवालीचं तिसरं प्रकरण वाचून टाकणार. जुलैत चार नाही, चौदा विद्यार्थी आणणार.

मंगळवार, ९ जानेवारी.

उठलो ७.५०. गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, तुम्हीच म्हणालात बंद कर. झोपेतल्या माणसाचं ऐकायचं कशाला?

बुधवार, १० जानेवारी. दुपारी ४.

आजपासून 'मार्गदर्शन तास'. दर बुधवारी ४ ते ५. दारावर पाटी लावली: 'दार उघडं आहे, मनही.' स्वतः सुचलेलं. दोन खुर्च्या पुसून ठेवल्या.

४.२०. कोणी नाही. पहिलाच दिवस.

४.४५. डासवाला आला. त्याला स्टेपलर हवा होता. दिला. जाता जाता विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, ठीक सर. रजिस्टरमध्ये नोंद केली: 'वैयक्तिक मार्गदर्शन, विद्यार्थी एक, प्रतिसाद सकारात्मक.'

बुधवार, १७ जानेवारी.

डासवाला स्टेपलर परत द्यायला आला. 'पाठपुरावा, एक.'

मंगळवार, २३ जानेवारी.

मुंगीवाली आली. तिला कुठल्याशा संग्रहालयात कीटकसंग्रहाची क्युरेटर म्हणून नोकरी मिळू शकते. मुलाखत झाली आहे, त्यांना ती आवडली आहे. अट एकच: तीस एप्रिलच्या आत प्रबंध सादर झाला पाहिजे. बाकीची प्रकरणं तयार आहेत, फक्त तिसरं प्रकरण माझ्याकडे आहे. म्हणाली, सर, चौदा महिने झाले.

चौदा? मला सहा वाटत होते. तिला समजावलं की मी वरवर वाचणारा माणूस नाही. खोलवर वाचतोय. काही कामं मुरावी लागतात. ती म्हणाली, सर, लोणचं नाही ना घालायचंय? हुशार मुलगी. विनोदबुद्धीही चांगली. अशा विद्यार्थिनीला घाईनं वाचून न्याय कसा देणार?

प्रकरण लाकडी कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, लाल दोरीच्या फाइलमध्ये. या शनिवारी नक्की.

शनिवार, २७ जानेवारी.

कार्पेट झटकलं.

संध्याकाळी बायकोच्या दवाखान्यात तिला घ्यायला गेलो. (ती दातांची डॉक्टर.) वेटिंग रूममध्ये पेशंट बसलेले असताना तिनं आतून मोठ्यानं विचारलं, "अहो, तुमचं ते तिसरं प्रकरण मिटलं का एकदाचं?" सगळे पेशंट माझ्याकडे पाहायला लागले. रिसेप्शनिस्टनं तर मान खाली घातली. खुलासा करायला गेलो, म्हटलं, ती माझी विद्यार्थिनी आहे. आणखीच वाईट झालं. एका बाईंनी दुखरी दाढ विसरून तोंडाचा आ केला.

शुक्रवार, २ फेब्रुवारी.

भरती मोहीम, पहिला टप्पा. शेजारच्या कॉलेजात व्याख्यान: 'कीटकशास्त्र: करिअरच्या असंख्य वाटा'. स्लाइड ९४. मदतीला मुंगीवालीला नेलं.

श्रोते साठ! (त्यांच्या मॅडमनी हजेरी लावली होती, पण तो तपशील.) एकविसाव्या स्लाइडला खोली जरा सुस्तावली. अशा वेळी अनुभवी वक्ता काय करतो? नमुना दाखवतो. प्लॅस्टिकच्या डब्यातून मोठी झुरळं नेली होती. बोटाएवढी, अत्यंत निरुपद्रवी, स्वभावानं लाजाळू. डबा वर धरला. झाकण माझ्या हातात राहिलं आणि डबा खाली गेला.

पुढची दोन मिनिटं श्रोत्यांचा सहभाग उत्स्फूर्त होता. बाकं, ओढण्या, बॅगा. एक मुलगा पंख्याच्या रेग्युलेटरला धरून खिडकीत उभा. त्यांच्या मॅडम सगळ्यांच्या आधी बाहेर पोहोचल्या. मुंगीवालीनं एकटीनं बारापैकी अकरा झुरळं ओंजळीनं गोळा केली. बारावं त्या कॉलेजला आमची आठवण म्हणून राहिलं.

उरलेल्या ७३ स्लाइड नंतर मेलनं पाठवेन. मुंगीवाली मात्र गेटपाशी चारपाच पोरांशी उगीच गप्पा मारत बसली. वेळेचं नियोजन या पिढीला शिकवायला हवं. मार्गदर्शिकेत घालावं.

सोमवार, ५ फेब्रुवारी.

हो, मार्गदर्शिका! शनिवारी आंघोळ करताना कल्पना सुचली. 'उत्तम मार्गदर्शक कसे व्हावे': विद्यापीठातल्या सगळ्या गाइडसाठी. कुलगुरूंना फोनवर सांगितलं, ते म्हणाले बघा. म्हणजे हिरवा कंदील.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी.

मार्गदर्शिकेची बावीस पानं झाली. अक्षरशः झपाटल्यासारखा लिहितोय. आजचा विषय: 'विद्यार्थ्याच्या लेखनावर वेळेवर अभिप्राय देण्याचे महत्त्व'. सुरुवात अशी केली: 'अभिप्राय लांबवणारा मार्गदर्शक हा विद्यार्थ्याच्या आयुष्याची वर्षे खिशात घालून फिरत असतो.' वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

मुंगीवाली दोनदा डोकावून गेली. हातानंच खूण केली, लिहितोय. ती समजूतदार आहे.

गुरुवार, १ मार्च.

विद्यार्थ्यांच्या गरजा ओळखण्यासाठी ४६ प्रश्नांचा फॉर्म केला. तिघांनाही वाटला. भुंगेरेवाल्यानं 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' यापुढे लिहिलं, 'इथेच, सर.' विभागावरचं प्रेम! डासवाल्यानं 'मार्गदर्शकाकडून तुमच्या अपेक्षा' यापुढे लिहिलं, 'स्टेपलरच्या पिना.' मुंगीवालीनं सेहेचाळीस प्रश्नांपुढे एकच उत्तर लिहिलं: 'प्रकरण ३.' फॉर्म नीट भरलेला नसल्यानं तिचा विश्लेषणात घेता आला नाही.

बुधवार, १४ मार्च. दुपारी १२.

प्लेसमेंट दिन! बावीस कंपन्यांना पत्रं पाठवली होती. एक आली. एका पेस्ट कंट्रोल कंपनीचा मॅनेजर. गोल चेहरा, खिशाला चार पेनं, उत्साही माणूस. भुंगेरेवाल्याची मुलाखत माझ्याच केबिनमध्ये ठेवली. मॅनेजरनं विचारलं, लाकूड पोखरणारे भुंगेरे ओळखता? भुंगेरेवाला, जो माझ्यासमोर तीन वर्षांत सलग दोन वाक्यं बोलला नव्हता, तो वीस मिनिटं बोलला. चेहरा फुललेला. त्याला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा.

मुलाखत संपली. मॅनेजर उठता उठता थांबला. माझ्या लाकडी कपाटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. परत टकटक. म्हणाला, सर, हे पोकळ वाजतंय.

मी हसलो. म्हटलं, हा कीटकशास्त्र विभाग आहे.

त्यानं दार उघडलं. दार त्याच्या हातातच आलं.

वाळवी. खालचा कप्पा, मागची फळी, भिंतीपर्यंत. सुंदर वसाहत. मी ताबडतोब भिंग काढलं आणि गुडघ्यावर बसलो. ही जात या इमारतीत आजवर नोंदलेली नाही! शोधनिबंध नक्की. कामकरी वाळव्या कशा रांगेनं एका पिवळसर लगद्यातून जाताहेत ते भुंगेरेवाल्याला दाखवत होतो. लगद्याला लाल दोरी होती.

दुपारी १.

भुंगेरेवाला हळूच म्हणाला, सर, ही ताईची फाइल आहे का?

होती.

गुरुवार, १५ मार्च.

तिला सांगावं लागलं. मी नीट तयारी केली होती: आधी नव्या जातीचा शोध, मग ओघात बाकीचं. पण ती केबिनमध्ये आली तेव्हा फाइल टेबलावरच होती. तिनं दोरी सोडली. एकशे बारा पानं, मधून आरपार बोगदा. कडेची अर्धीमुर्धी पानं शाबूत होती. ती एकेक उलटत गेली. मला वाटलं, काय वाचलं ते पाहतेय. ती पेन्सिलीच्या खुणा शोधत होती.

एकही नव्हती. पहिल्या पानावरसुद्धा.

मी म्हटलं, सॉफ्ट कॉपी असेलच ना? ती म्हणाली, आहे सर. मग हसायला लागली. बराच वेळ हसली. म्हणाली, सोळा महिन्यांत कुणीतरी वाचलं, आणि शेवटपर्यंत वाचलं. मीही हसलो. वातावरण मोकळं झालं असं वाटलं. ती गेली तेव्हा दार जरा जोरात लागलं. वाऱ्यानं असेल.

बुधवार, २१ मार्च. दुपारी ४.३०.

मार्गदर्शन तास. कोणी नाही. आठवडाभर मुंगीवाली विभागात आलेली नाही. नव्या नोकरीच्या तयारीत असेल.

डासवाला आला. पिना भरून मागितल्या. मग उगीच उभा राहिला. म्हणाला, सर, ताईचे वडील दर रविवारी फोन करून विचारतात, झालं का? या रविवारी तिनं फोन उचललाच नाही. एवढं बोलून गेला. याची रजिस्टरमध्ये काय नोंद करावी ते सुचलं नाही. नुसती तारीख टाकली.

बायकोला सांगितलं. तिला वाटलं मी वाळवीबद्दल सांगतोय. मग तिनं सगळं ऐकलं. नंतर म्हणाली, माझ्याकडे असे पेशंट येतात, दात दुखत असतो तरी दोन वर्षं उद्या येतो म्हणतात. पण त्यांचा दात तरी स्वतःचा असतो.

मला ही तुलना फारशी लागू वाटली नाही. जेवण गेलं नाही ते उकाड्यामुळे.

मंगळवार, ३ एप्रिल. सकाळी ६.

खरोखर सहा. बायकोनं घड्याळ पाहून माझ्या कपाळाला हात लावून बघितलं, ताप आहे का.

मुंगीवालीला मेल लिहितोय. मसुदा पहिला: दीड पान, त्यात वाळवीची पार्श्वभूमी. मसुदा दुसरा: एक पान. मसुदा सातवा: 'परत पाठव. वाचतो. चूक माझी.' सातवा पाठवला. फार त्रोटक वाटला, पण बोट लागलं बटणाला.

गुरुवार, ५ एप्रिल.

ती आली. हातात नवी प्रिंट. मी हात पुढे केला, म्हटलं, ठेवून जा, शनिवारपर्यंत वाचतो. तिनं टेबलावर प्रिंट ठेवली, आणि खुर्ची ओढून समोर बसली.

म्हणाली, सर, मी बसते.

म्हटलं, अगं, एकशे बारा पानं आहेत. म्हणाली, डबा आणलाय. म्हटलं, समोर कुणी बसलं की माझं लक्ष लागत नाही. म्हणाली, समोर नसलं की लागतं का?

मी पेन्सिल घेतली.

शुक्रवार, ६ एप्रिल.

काल सलग पाच तास वाचलं. आज तीन. इतक्या वर्षांत असं वाचलं नव्हतं. आधी रागानं वाचत होतो, मग नुसतंच वाचत होतो, आणि तिसाव्या पानापासून पुढे काय होतंय ते बघायला वाचत होतो. पोरीनं एका वारुळात दोन जातींच्या मुंग्या एकत्र नांदताना पाहिल्या आहेत, वर्षभर, रोज. कुणाच्या तोंडचा घास कोण नेतो, कुणाची अंडी कोण सांभाळतं, सगळं टिपलंय. आणि लिहिलंय कसं! मी कधी असं लिहिलं का? मार्गदर्शिका सोडून.

पान ८८ वर थांबलो. एका मुंगीच्या कमरेला एक गाठ असते, दुसरीच्या दोन. आकृती १४ मध्ये दोघींची नावं उलटसुलट झाली होती. त्यामुळे पुढच्या तक्त्यात सगळे आकडे चुकीच्या रांगेत. म्हटलं, हे बघ. तिनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. बाहेरच्या परीक्षकानं हे पकडलं असतं तर अख्खं प्रकरण परत आलं असतं. ती म्हणाली, सर, मी हे शंभर वेळा वाचलंय, मला दिसलं नाही. म्हटलं, स्वतःचं स्वतःला दिसत नाही. त्यासाठीच तर गाइड.

बोलून गेलो आणि जीभ चावली. तिनं डबा उघडला. डब्यातलं अर्धं मला दिलं.

शुक्रवार, २७ एप्रिल.

प्रबंध सादर. माझी सही. तीन दिवस आधी! ऑफिसातल्या बाईंनी शिक्का मारताना दोनदा विचारलं, सर, ही तुमचीच सही ना? गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी ती वेळेवर पाहिली नव्हती.

शुक्रवार, ११ मे.

मुंगीवालीला नोकरी! भुंगेरेवाल्यालाही, पेस्ट कंट्रोलवाल्यांनी घेतलं. प्रबंध नोकरी सांभाळून पुरा करणार. त्याचं पहिलं काम आमच्याच विभागाची फवारणी. मला केबिनबाहेर उभं राहायला सांगितलं आणि मोजक्या शब्दांत सूचना दिल्या. अधिकारवाणी होती हो! छाती भरून आली. थोडी औषधानं, थोडी अभिमानानं.

तीनपैकी दोन प्लेस. सदुसष्ट टक्के. कुलगुरूंना कळवलं.

डासवाला स्टेपलर घेऊन बसलाय. एकटाच.

मंगळवार, ५ जून.

मुंगीवाली निरोप घ्यायला आली. वडीलही बरोबर. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, तुमच्यामुळे झालं म्हणाले. मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. 'नाही नाही, तिचेच कष्ट' असं मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य मी विनयानं म्हटलेलं नव्हतं.

बुधवार, २० जून.

मार्गदर्शिका छापून आली. १४० पानं. सगळ्या विभागांना वाटली. प्राणिशास्त्रात गेलो तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली एक प्रत होती. टेबल आता डुगडुगत नव्हतं. उपयोग होतोय.

प्रवेशअर्जांची शेवटची तारीख तीस जून. आजवर आलेले अर्ज शून्य. पण खरे विद्यार्थी शेवटच्या क्षणीच अर्ज करतात. मीही तसाच होतो.

सोमवार, २ जुलै.

पाच अर्ज! पाच!! विभाग वाचला. प्राणिशास्त्रवाल्यांना स्वतः फोन करून सांगितलं की तुमची टेप राहिली आहे, घेऊन जा.

ऑफिसातल्या बाईंना विचारलं, 'माहिती कुठून मिळाली' या रकान्यात काय लिहिलंय? म्हटलं, माझं व्याख्यान की माझी ७३ स्लाइडची मेल? बाईंनी पाचही अर्ज समोर पसरले. पाचही जणांनी लिहिलं होतं: 'ताईचं पान.'

कसलं पान? बाईंनी ड्रॉवरमधून काढून दिलं. मुंगीवालीनं लिहिलेलं, एकच पान, हातानं, झेरॉक्स केलेलं. त्या कॉलेजच्या गेटपाशी भेटलेल्या पोरांना तिनं ते दिलं होतं, आणि त्यांनी पुढे. बाईंकडे फेब्रुवारीपासून होतं; एप्रिलमध्ये मुंगीवालीनं येऊन त्यात भर घातली आणि नव्या झेरॉक्स वाटल्या. मला का दाखवलं नाही विचारलं, तर म्हणाल्या, सर, तुम्ही म्हणाला असता ठेवून जा.

पान असं:

'इथे नोकरीची हमी नाही. प्रयोगशाळेतला एक पंखा चालत नाही. पण मुंग्यांकडे वर्षभर पाहत बसायचं असेल तर कोणी अडवत नाही. अडचण आली तर ऑफिसातल्या बाईंना विचारा. फोन करायचा तर माझा नंबर खाली आहे.' मग त्याखाली नंतर, वेगळ्या शाईनं, एप्रिलची तारीख घालून: 'गाइड सर मनानं चांगले आहेत, पण वाचत नाहीत. काहीही त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. खुर्ची घ्या आणि समोर बसा. समोर बसलात, तर त्यांच्याइतकं बारीक वाचणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.'

दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.

बुधवार, ४ जुलै. दुपारी ४.

कुलगुरूंचं पत्र. योजना यशस्वी. पुढच्या महिन्यात सगळ्या गाइडसाठी कार्यशाळा: 'विद्यार्थ्यांचे लेखन कसे वाचावे'. प्रमुख वक्ता म्हणून मुंगीवालीला बोलावलंय. मलाही निमंत्रण आहे. पत्रात माझ्या नावापुढे 'उदाहरण' असं लिहिलंय. बाईंना म्हटलं, 'उदाहरणार्थ' लिहायचं असेल. त्या म्हणाल्या, नाही सर, नीटच लिहिलंय.

सायंकाळी ६.१५.

पाच नवे विद्यार्थी चार वाजता आले. दोन खुर्च्या पुरल्या नाहीत, प्रयोगशाळेतून तीन स्टुलं आणली. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पानांचा प्रस्ताव. अर्धवर्तुळ करून बसले. मी घड्याळ पाहिलं, मीटिंग आहे म्हणालो. बसले. चहा पिऊन या म्हटलं. त्यांनी आणलाच होता, माझ्यासाठीही.

आता चौथा प्रस्ताव चालू आहे. (हे लिहितोय ते त्यांना अभिप्राय वाटतोय.) बायकोचा फोन. कुठे आहात? म्हटलं, वाचतोय. ती म्हणाली, खोलीत आणखी कोणी आहे का? म्हटलं, आहेत. म्हणाली, त्यांच्याकडे द्या.

समोरच्या मुलीला फोन दिला. ती म्हणाली, "हो काकू. खरंच वाचताहेत. नाही, आम्ही बघतोय ना." ऐकलं, मान डोलावली, फोन मला परत दिला आणि पाचवा प्रस्ताव माझ्यापुढे सरकवला.